केसाच्या गोळ्या

"भाऊ, केसाच्या गोळ्या द्या."

यवतमाळात औषधाच्या दुकानाच्या काउंटरमागे मी पस्तीस वर्षं उभा राहिलो. सुरुवातीची पंधरा-वीस वर्षं हे वाक्य मी कधी ऐकलं नाही. तापाची गोळी होती, पोटाची होती, डोक्याचीही होती, पण ती डोकं दुखण्यावरची. केसांसाठी असायचं ते तेल. ते बहुधा घरीच कढवलेलं, माका-जास्वंद घातलेलं, काळ्या पडलेल्या कढईतलं. गोळी पोटात गेली की डोक्यावर केस उगवतात ही कल्पना आमच्या भागात मोबाइलच्या मागोमाग आली आणि बघता बघता दुकानातला एक अख्खा कप्पा तिने व्यापला.

ही मागणी करणाऱ्या तिघांची आठवण सांगतो, कारण ही पुस्तिका त्यांच्यामुळे लिहिली गेली. तिघंही एकाच आठवड्यातले. पहिला चोवीस-पंचविशीचा पोरगा, पुण्यात नोकरी लागलेला, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत केस मागे सरकलेले. दुसऱ्या दारव्ह्याकडच्या एक बाई, वय पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. त्या हळूच म्हणाल्या, "केस लय गळून रायले हो भाऊ, भांग पा कसा रुंद झाला." तिसरे एक निवृत्त मास्तर, साठी उलटलेली, टक्कल वीस वर्षं जुनं, मुलाने अमेरिकेतून बाटली पाठवली होती ती संपली, तसलीच हवी. तिघांनी मागितली ती जवळजवळ एकच वस्तू : बायोटिन, झिंक, सेलेनियम, जीवनसत्त्वं असं सगळं एकत्र भरलेली गोळी. मी तिघांनाही दिली. दुकानदार होतो, शिक्षक नव्हतो.

आज मागे वळून पाहताना दिसतं की तिघांचे केस तीन वेगळ्या कारणांनी जात होते, आणि त्यांतल्या एकाच कारणावर गोळीचा उपयोग होता. तो बाईंना झाला असता. पण त्यांना ती गोळी नको होती, दुसरीच हवी होती आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. या पुस्तिकेत मला सांगायचं आहे ते एवढंच. गोळी उणीव भरून काढते. वय ही उणीव नाही. आमच्या जिल्ह्याची पंचाईत अशी की ज्यांच्या अंगात खरी उणीव आहे त्यांचं रक्त कुणी तपासत नाही, आणि ज्यांच्यात काहीही कमी नाही ते महिन्याला हजाराच्या घरातली बाटली रिचवतात.

आता आधी केसाविषयी थोडं, कारण बहुतेक गैरसमज इथेच रुजतात.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येकाचं आयुष्य वेगळं चालतं. दोन ते सहा वर्षं तो वाढतो, महिन्याला जवळपास एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवडे मुळातलं काम आवरतं, आणि त्यानंतर तो तीनेक महिने नुसता बसून राहतो. मग गळतो आणि त्याच जागी नवा येतो. त्यामुळे रोज पन्नास ते शंभर केस गळणं हा हिशेबातलाच खर्च आहे. फणीत अडकलेला गुंता पाहून घाबरणाऱ्या बायांना मी हे सांगायचो तेव्हा त्यांना पटायचं नाही. लांब केसांचे पन्नास म्हणजे केवढा मोठा गोळा दिसतो ते त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं.

ही तीन महिन्यांची विश्रांती लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपासतापास करून झटपट उतरवलेलं वजन, यांपैकी काही झालं की एरवी आपापल्या वेळी थांबणारे केस एकदम एकत्र विश्रांतीला जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्रच गळतात. आमच्याकडे भाद्रपदात तापाची साथ असते, डेंग्यू-चिकनगुन्याचे दिवस. घरातलं माणूस बरं होतं, कापूस वेचणीला लागतं, ताप विसरलेला असतो आणि दिवाळीच्या सुमारास केसांची मूठ हातात येते. मग दोष कुणाला? दिवाळीच्या उटण्याला, नव्या शाम्पूला, बोअरच्या पाण्याला. कोविडनंतर २०२१ साली हे इतक्या घरांत झालं की केसाच्या गोळ्यांचा खप एका वर्षात कुठल्या कुठे गेला. आणि गंमत म्हणजे त्या गोळ्यांनी गुण दिला! म्हणजे लोकांना तसं वाटलं. ही गळती चार-सहा महिन्यांत आपोआप थांबते. त्या मुदतीत माणूस जे काही घेत असेल, त्याला श्रेय मिळतं. बाटलीला, तेलाला, नवसाला, सगळ्यांना सारखंच.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. यवतमाळ जिल्ह्यात केस गेले की पहिला आरोपी पाणी असतो. त्याला कारणही आहे. पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या पट्ट्यात विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने दात पिवळे-तपकिरी पडलेली मुलं आणि सांधे आखडलेली म्हातारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. पण फ्लोराइडचा मार बसतो तो दातांवर आणि हाडांवर. त्याने टक्कल पडतं असं मानायला आधार नाही. जड पाण्याने साबण नीट फेसाळत नाही, केस राठ होतात, तुटतातही. पण मधूनच तुटणं वेगळं आणि मुळापासून जाणं वेगळं. ज्या पाण्याने खरंच हानी होते आहे त्याच्याबद्दल तक्रार करायची तर दातांसाठी करावी.

वयाचं प्रकरण याहून वेगळं आहे, आणि त्याचं मूळ शोधण्याची गोष्ट मला फार आवडते. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की वयात येण्याआधीच ज्यांचे अंडकोश गेले होते अशा पुरुषांना टक्कल पडत नाही. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं, तर ज्यांच्या घरात टक्कल होतं त्यांनाच ते पडू लागलं. औषध थांबवलं की पुढचं पडणं थांबलं, पण गेलेले केस परत आले नाहीत. म्हणजे दोन गोष्टी हव्यात, संप्रेरक आणि वारसा. पुढे १९७४ साली डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या काही पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये करणारं विकर जन्मतःच कमी होतं, आणि त्यांच्यात नेहमीचं पुरुषी टक्कल दिसत नव्हतं. कळीचा पदार्थ सापडला तो असा. ज्यांच्या केसांची मुळं या पदार्थाला जन्मजात हळवी असतात, त्यांचा प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड येतो. शेवटी उरते ती लव. केस 'गळतो' यापेक्षा केस 'खुरटतो' म्हणणं जास्त खरं. कापसाच्या झाडाला शेवटच्या वेचणीत लहान, किडकी बोंडं यावीत तसं.

म्हणून पुण्याला निघालेल्या त्या पोराला गोळीतून काही मिळणार नव्हतं. त्याच्यात काही कमी नव्हतंच. त्याच्या बापाचं कपाळ मी ओळखत होतो.

गोऱ्या पुरुषांत पन्नाशीपर्यंत साधारण निम्म्यांना हे होतं, आशियाई लोकांत काहीसं कमी. साठीनंतर आणखी एक गोष्ट होते. वारसा नसला तरी केसांची जाडी आणि दाटी दोन्ही हळूहळू उतरतात, जशी त्वचा पातळ होते, नजर मंदावते. बायकांमध्ये टक्कल पुरुषासारखं पडत नाही. कपाळाची कड बहुधा शाबूत राहते आणि भांग रुंदावत जातो. पाळी जाण्याच्या आसपास हे जास्त जाणवतं. पुरुषाचं टक्कल आपल्याकडे विनोदाचा विषय असतं, कधी कौतुकाचाही. टक्कल पडलं की पैसा येतो असं आमची आजी म्हणायची. (माझ्या बाबतीत निम्मं खरं झालं.) बाईच्या विरळ डोक्याला ही सवलत नाही. महाराष्ट्रात बाईचं बोडकं डोकं शतकानुशतकं एकाच गोष्टीची खूण होतं, आणि ती खूण पुसण्यासाठी १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिकांना विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असा संप करावा लागला. केशवपन गेलं. पण भांग रुंदावलेली बाई दुकानात आली की आधी मागे कोण उभं आहे ते बघते, मग बोलते. त्या भीतीची मुळं किती खोल आहेत ते या इतिहासावरून कळतं. म्हणून बायकांच्या केसांवरचं प्रकरण या पुस्तिकेत सर्वांत लांब आहे.

त्या दारव्ह्याकडच्या बाई सहा-आठ महिन्यांनी पुन्हा आल्या, या वेळी लोहाच्या इंजेक्शनची चिठ्ठी घेऊन. जिना चढताना धाप लागते म्हणून मुलीने दवाखान्यात नेलं होतं, हिमोग्लोबिन सातच्या आसपास निघालं. पाळीत वर्षानुवर्षं जास्त रक्त जात होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. केसांबद्दल मात्र सांगितलं होतं. मला. आणि मी त्यांना बायोटिन दिलं होतं.

शरीराच्या हिशेबात केस हे चैनीचं खातं आहे. लोह, प्रथिनं, जस्त यांची चणचण झाली की काटकसर आधी तिथे होते. हृदय-मेंदूचा वाटा शरीर शेवटपर्यंत राखतं. देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या सुमारे ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं. म्हणजे केसांची तक्रार घेऊन येणाऱ्या दर दोन बायांपैकी एकीचं रक्त कमी असण्याची शक्यता आहे. लोह भरून निघालं की प्रत्येकीचे केस दाट होतातच असं नाही, यावर त्वचारोगतज्ज्ञांतही वाद आहे. पण धाप थांबते, चक्कर थांबते, आणि केसांचं एक कारण तरी कटाप होतं. लोहाच्या लाल गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात, शाळेतल्या पोरींना आठवड्याला निळी गोळी मिळते. ती निळी गोळी कित्येक घरांत फडताळात पडून राहते, 'मळमळतं' म्हणून. त्याच घरात केसांच्या बाटलीला पैसे निघतात. बाटलीवर लांब केसांच्या बाईचं चित्र असतं आणि सरकारी गोळीवर काही चित्र नसतं, हे एक कारण असावं.

एक सावधगिरी मात्र आमच्या जिल्ह्यात सांगितलीच पाहिजे. इथे कोलाम, गोंड, परधान वस्त्यांमध्ये आणि इतर काही समाजांतही सिकलसेल आहे. या आजाराचा रक्तक्षय लोह कमी असल्याने होत नाही, आणि वारंवार रक्त चढवलेल्या माणसाच्या अंगात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं. रक्त कमी म्हणजे लोह द्या हा सरळ हिशेब तिथे चुकतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम २०२३च्या जुलैपासून सुरू आहे, तपासणी गावातच होते. ती आधी करून घ्यावी.

बायोटिनबद्दल मी आता जरा कडक बोलणार आहे, कारण मी त्याची खोकीच्या खोकी विकली आहेत. हे 'ब' गटातलं जीवनसत्त्व एकेकाळी 'व्हिटॅमिन एच' नावाने ओळखलं जायचं. केस आणि त्वचा या जर्मन शब्दांचं आद्याक्षर. नावच जाहिरातीला पुरलं. ते नसलं तर केस जातात हे खरंच आहे. पण ते नसण्यासाठी माणसाला महिनोन्महिने कच्च्या अंड्याचा पांढरा बलक खावा लागतो, नाहीतर एखादा दुर्मिळ जन्मजात दोष असावा लागतो. डाळ, दाणे, अंडी, भाज्या यांतून रोजची गरज भागते, आणि ती गरज आहे ३० ते ४० मायक्रोग्रॅमची. दुकानातली गोळी असते १०,००० मायक्रोग्रॅमची. अडीचशे-तीनशे पट! ज्याच्यात उणीव नाही त्याचे केस याने वाढतात असा भक्कम पुरावा नाही. जास्तीचं लघवीवाटे निघून जातं म्हणून 'नुकसान तर नाही ना' असं मीही म्हणायचो. तेही पूर्ण खरं नाही. रक्ताच्या अनेक चाचण्यांच्या रसायनांमध्ये बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात त्याचा पूर असला की थायरॉइडचा आणि हृदयविकाराच्या झटक्यात पाहतात त्या ट्रोपोनिनचा अहवाल चुकू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल इशारा दिला, तेव्हा असा चुकीचा अहवाल आल्यानंतरच्या एका मृत्यूची नोंद त्यात होती. केस गळण्याचं एक मोठं कारण थायरॉइड, आणि केसांसाठी घेतलेली गोळी थायरॉइडचाच अहवाल बिघडवणार. केसाने गळा कापणे म्हणतात ते याहून वेगळं काय! छातीत कळ येऊन साठीचा माणूस दवाखान्यात गेला तर तो काय काय घेतो ते त्याने सांगितलं पाहिजे, आणि माणसं रक्तदाबाची गोळी सांगतात, केसाची सांगत नाहीत. त्यांना ते औषध वाटतच नाही.

पुरावा सगळ्याच पूरकांविरुद्ध आहे असं मात्र मी म्हणत नाही. २०१४ साली कोरियात ७६ पुरुषांवर २४ आठवडे प्रयोग झाला. ज्यांना रोज ४०० मिलिग्रॅम भोपळ्याच्या बियांचं तेल दिलं त्यांच्या केसांची संख्या खोट्या गोळीवाल्यांपेक्षा बरीच वाढली. प्रयोग लहान, गोळीत आणखीही घटक मिसळलेले. पण वाचून गंमत वाटली, कारण आमच्याकडे कोहळ्याची भाजी झाली की बिया उन्हात वाळवून पोरं फोडून खायची. त्यांना टक्कल पडलं की नाही याची नोंद अर्थातच कुणी ठेवली नाही.

आता शेगावकडे वळतो. ती घटना घडली नसती तर कदाचित मी लिहायला बसलो नसतो.

२०२४च्या डिसेंबरात आणि २०२५च्या जानेवारीत, आमच्यापासून फार लांब नाही, बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये माणसांचे केस एकाएकी जाऊ लागले. आधी डोक्याला खाज, मग केस राठ, मग हात फिरवला की केस हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. म्हातारे नव्हेत, कॉलेजातल्या पोरी, शाळकरी मुलं, सगळे. अठरा गावांत मिळून पावणेतीनशेच्या वर माणसं. लोकांनी नेहमीप्रमाणे पहिलं बोट पाण्याकडे दाखवलं. खारपाणपट्टा तो, पाणी तपासलं तर नायट्रेट आणि क्षार जास्त निघालेही. मग बुरशी, मग शाम्पू. ज्यांच्या घरात कधी शाम्पूची पुडी आली नव्हती त्यांचेही केस गेले तेव्हा तो संशय मिटला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक येऊन नमुने घेऊन गेलं.

याच सुमारास महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर गावांमध्ये पोचले. विंचूदंशावरच्या कामासाठी जगाला माहीत असलेला हा माणूस. रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध विंचवाच्या विषावर चालतं हे त्यांनी कोकणातल्या दवाखान्यात बसून दाखवून दिलं; २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी पाण्याऐवजी ताटाकडे पाहिलं. त्यांचा निष्कर्ष असा : रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियमचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलेलं होतं, आणि रेशनवर आलेल्या, पंजाबातून आलेल्या गव्हात ते स्थानिक गव्हाच्या सुमारे सहाशे पट होतं. रुग्णांमध्ये जस्त कमी होतं. हा गहू शेतात विषारी औषध मारल्याने तसा झालेला नव्हता. पंजाबातल्या होशियारपूर-नवांशहर भागातल्या काही जमिनींत सेलेनियम मुळातच जास्त आहे, हे शेतीशास्त्राला जुनंच माहीत आहे. पुढे एप्रिलमध्ये त्याच गावांत नखं ठिसूळ होऊन गळू लागली. सेलेनियमच्या अतिरेकाचं हेही ओळखीचं लक्षण.

दरम्यान पोरींनी कॉलेज सोडलं, ठरलेली लग्नं मोडली अशा बातम्या येत होत्या. बऱ्याच जणांचे केस पुन्हा उगवू लागले, हा त्यातला दिलासा.

आता दुकानातली केसाची बाटली उलटी करून घटक वाचा. सेलेनियम दिसेल. ते असण्यात चूक नाही. शरीराला ते लागतं, पण दिवसाला चाळीस मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि चारशेच्या वर गेलं की धोका सुरू होतो. हव्या त्या आणि नको त्या मात्रेत फरक इतका थोडा असलेली द्रव्यं थोडीच आहेत. २००८ साली अमेरिकेत एका द्रवरूप पूरकात कारखान्यातल्या चुकीमुळे सेलेनियम दोनशे पटींनी जास्त पडलं. दोनशेहून जास्त माणसं आजारी पडली, आणि बहुतेकांच्या तक्रारीत केस गळणं होतं. 'अ' जीवनसत्त्वाचंही असंच : कमी झालं तरी त्रास, जास्त झालं तर केस जातात. जस्त फार दिवस जास्त घेतलं तर तांबं कमी पडतं आणि रक्तक्षय होतो. मग एक माणूस केसांची गोळी, सकाळी मल्टिव्हिटॅमिन, शिवाय जिमवाल्याने दिलेली पावडर असं तिन्ही घेतो, तेव्हा तिन्हींतल्या सेलेनियमची आणि 'अ' जीवनसत्त्वाची बेरीज कोण करतो? मी तरी कधी केली नाही. गिऱ्हाइकाने चौथी वस्तू मागितली तर तीही दिली.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. १९४५च्या औषध नियमांना एक 'जे' अनुसूची जोडलेली आहे. ज्या आजारांवर औषध बरं करतं असा दावाच करता येत नाही अशांची ती यादी आहे. तिच्यात टक्कल आहे, केसांचा रंग बदलणं आणि नवे केस उगवणं हेही आहे. मग बाजारात एवढ्या बाटल्या कशा? त्या औषध म्हणून येतच नाहीत, अन्न म्हणून येतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६च्या नियमांनुसार अशा पूरकावर 'औषधी उपयोगासाठी नाही' असं छापावं लागतं. छापतातही, इंग्रजीत, आणि पुढच्या बाजूला केसांचा धबधबा रंगवतात. दावा चित्राने करायचा आणि नकार अक्षरांनी द्यायचा.

औषधं आहेत, नाही असं नाही. गमतीची गोष्ट म्हणजे त्यांतलं मिनॉक्सिडिलही प्राझोसिनसारखंच रक्तदाबाच्या कपाटातून आलं. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून ते डोक्याला लावून पाहिलं गेलं आणि १९८८ साली अमेरिकेत त्याला केसांसाठी मान्यता मिळाली. फिनास्टेराइडची १९९७ची. दोन्ही चालतात, सगळ्यांना नाही, आणि घेत राहिलं तोवरच. मिनॉक्सिडिल लावायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत उलट केस जास्त गळतात, आणि नव्वद टक्के गिऱ्हाईक तिथेच बाटली परत घेऊन भांडायला येतं. (हा आकडा कुठल्या अभ्यासातला नाही, माझ्या काउंटरचा आहे.) फिनास्टेराइड पुरुषांचं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायचं. काहींना त्याने कामेच्छेच्या तक्रारी येतात, गरोदर बाईने फुटलेली गोळी हाताळूही नये, आणि प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा ते साधारण निम्म्यावर आणतं. साठीच्या माणसाने हे तपासणी करणाऱ्याला सांगायलाच हवं. त्या निवृत्त मास्तरांना यातलं काही सांगायची वेळ आली नाही. ज्या टकलाला वीस वर्षं झाली तिथली मुळं बहुतेक मिटलेली असतात. त्यांना ते बहुधा ठाऊकही होतं. मुलाने पाठवलेली बाटली संपली तरी चालू ठेवायची, यात केसांपेक्षा मुलाचा संबंध जास्त असावा असं मला आता वाटतं.

घरगुती उपायांवर मी या पुस्तिकेत तलवार उपसलेली नाही. तेलाने नवे केस येत नाहीत, पण केस तुटणं कमी होतं, आणि संध्याकाळी आईने पोरीच्या डोक्याला तेल लावणं ही वैद्यकाच्या पलीकडची गोष्ट आहे. आयुर्वेदात खालित्य आणि पालित्य, म्हणजे केस जाणं आणि पिकणं, यांचा विचार स्वतंत्रपणे केलेला आहे. केस पडणं ही नव्या काळाची, प्लास्टिक-शाम्पूची देणगी नाही, एवढं त्यावरून समजावं. माहूरला रेणुकेच्या पायथ्याशी जावळ काढलं की केस दाट येतात हा मात्र नजरेला होणारा भास आहे. वस्तऱ्याने कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो जाड वाटतो. मुळाला खबरही नसते. जावळ काढू नका असं मी म्हणणार नाही. माझ्या नातवाचंही काढलं.

खाण्यावरचं प्रकरण वाचकाला निराश करेल, कारण त्यात नवीन काही नाही. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, अंडं चालत असेल तर अंडं. जेवणावर लगेच चहा नको, त्याने लोह कमी शोषलं जातं. त्याऐवजी लिंबू किंवा आवळा. हे सगळं आपल्या आज्यांना माहीत होतं असं म्हणायचा मोह होतो, पण आज्यांच्या काळात बायका शेवटी जेवायच्या, उरलंसुरलं खायच्या, आणि त्यांचं हिमोग्लोबिन कुणी मोजलं नाही.

हस्तलिखित आमच्या कटिंगवाल्याला वाचून दाखवलं. चाळीस वर्षं तो माझं डोकं भादरतो. यवतमाळातल्या डोक्यांचा त्याच्याइतका अभ्यास कुणाचा नसेल. माझं वाचून झाल्यावर त्याने एकच दुरुस्ती सुचवली. नाण्याएवढी जागा एकाएकी गुळगुळीत होते त्या 'चाई'बद्दल मी दोनच ओळी लिहिल्या होत्या. तो म्हणाला, लोक तिला लसूण चोळतात, रॉकेलसुद्धा लावतात, कातडी भाजून येतात, ते लिहा. लिहिलं आहे. चाई वयाने येत नाही आणि उणिवेनेही नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच केसाच्या मुळावर उलटते. तिला त्वचारोगतज्ज्ञच लागतो, आणि इथल्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तो भेटतो.

पुस्तिका पहिल्या पानापासून वाचावी असा आग्रह नाही. ज्याला घाई असेल त्याने बाटलीवरचं लेबल कसं वाचायचं ते शेवटचं प्रकरण आधी उघडावं. दुकानात उभ्याउभ्या वाचता यावं म्हणून ते मुद्दाम मोठ्या टाइपात छापून घेतलं आहे. मुद्रकाने पानं वाढतील म्हणून कुरकुर केली. पण ज्या वयात केस विरळ होतात त्याच वयात चष्मा घरी विसरायची सवयही लागते.